बोकड गेटवर, पदर लिंबाखाली

हॅलो?

हॅलो… हां, माय, बोल. तुटक येतंय. तू गच्चीवर जा ना, घरात रेंज नसती तुझ्या… गच्चीवरच हाइस? मग जरा टाकीच्या बाजूला सरक.

हां. आता आलं.

नाय गं, झोपते कशाला. नळाला पाणी आलंय आज. पाईप धरून उभी आहे. गारखेड्यात आज भरलं नाय तर पुन्हा कधी येईल ते… जाऊ दे. तू बोल. पण लवकर बोल, चार्जिंग कमी आहे माझं.

हो, उद्याच. पहिल्या गाडीनं निघतोय आम्ही. ऊन व्हायच्या आत पिशोरला उतरतो.

फ्रॉक घेतला. गुलमंडीवरून. … पिवळा. … अगं, लाल नव्हता तिच्या मापाचा. वर्षाची पोरगी ती, तिला काय कळतंय. टोपडं लाल घेतलंय. जावळ निघालं की टोपडंच दिसणार आहे, फ्रॉक कोण बघतंय?

साडी तीच, हिरव्या काठाची. … मोठा आहे पदर. संस्कृतीचे केस मावतील एवढा आहे. … माहिती आहे, माय. मामाच्या मांडीवर पोरगी आणि आत्याच्या पदरात केस. आत्या मी एकटीच आहे, मला माहिती नसणार का?

…

आवाज का असा येतोय तुझा?

नाय, रेंजचा नाय. तुझाच.

कुणी अडवलं? … काय अडवलं?

सोमनाथनं? आपल्या सोमनाथनं?

थांब. नीट सांग. टेम्पोत काय काय होतं? … बोकड. … देगच्या. … बरं. … आणि लाकडं? माय, जंगलात लाकडं पाठवलीत तुम्ही? … वाळलेली, हो, पण जंगलात… बरं, बरं. बोल.

तात्या स्वतः होते टेम्पोत?

आणि सोमा काय म्हणाला बापाला? … 'आत चूल पेटवता येणार नाय.' एवढंच? … हात जोडून म्हणाला ना? … जोडले होते ना हात? मग अजून काय करणार तो?

नाय, मी त्याची बाजू घेत नाय.

अगं ऐक ना… ऐक ना, माय. अभयारण्याच्या गेटवर त्याला नोकरी दिली ती कशासाठी? … अडवायलाच ना? आपल्या तीन गावांतली आठ माणसं घेतली. बाहेरचा एक नाय घेतला. तूच तर पेढे वाटलेस. इथं माझ्या शेजारणीलाही पाठवलेस. तिला अजून वाटतं सोमनाथ फॉरेस्टमधी साहेब झालाय. … तूच तसं सांगितलंस तिला.

आणि सोयऱ्यांना काय सांगितलंस? … नाय, तुझ्याच शब्दांत सांग. … 'या सगळे, आता गेट आपलंच आहे.'

…

हसत नाय मी.

थोडी हसले.

व्हय, खरंय. आजवर कुणी अडवलं नाय. झऱ्यावरच्या म्हसोबाला आज्या-पणज्यापासून कंदुऱ्या होतात. बोकड तिथंच कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच पंगत बसायची. मला आठवत नाय का? माझं जावळ तिथंच निघालं, सोमाचंही तिथंच. पण तेव्हा गेट कुठं होतं? आणि मागच्या वैशाखात डोंगर पेटला होता तेव्हा तूच फोन करून रडली होतीस. दुधावर राख पडती म्हणून. वाळवणावर राख, अंथरुणात राख. … कुणाच्या चुलीनं पेटला ते कुणाला कळलं? नाय कळलं. पण चुलीनंच पेटला ना?

अहो, भरला तो ड्रम, पाईप दुसऱ्यात टाका.

नाय, तुला नाय. ह्यांना.

बोकड कुठंय आता? … गेटवरच? … बांधून ठेवलंय. … आणि तात्या? … टेम्पोतच बसलेत. खाली उतरत नायत. … पाणी पण घेतलं नाय त्याच्या हातचं. … आणि टेम्पोवाला? … बिचारा.

मी काय सांगू त्याला?

'एक दिवस डोळ्यावर कातडं ओढ' असं सांगू? … माझं ऐकतो, खरंय, पण हे नाय ऐकणार. ऐकू पण नये.

काय?

नाल्यातून?

कुणी दिली ही अक्कल? … तुझीच.

म्हणजे सगळे सोयरे, बाया-पोरं, उजाडायच्या आत नाल्याच्या वाटेनं झऱ्यावर जाणार. देगच्या डोक्यावर. आणि बोकड? बोकड तर गेटवर आहे. … दुसरं घेणार. चुलतीचं, कडूबाईचं. … तिला विचारलं पण तू. … माय, तू निवडणुकीला उभी राहा.

मग मला एक सांग. झऱ्यावरून धूर वर गेला की पहिला कुणाला दिसंल? … फॉरेस्टचे साहेब उद्या येणारेत ना तिथं? … सोमाची मेघा सांगत होती. … मग ते कुणाला विचारतील, तुला? सोमनाथला विचारतील. नुसत्या त्याला नाय, आठही जणांना. साहेब आधीपासून म्हणत होते म्हणे, गावातली माणसं गेटवर ठेवू नका, ती आपल्या माणसाला अडवणार नायत. ते खरं करून दाखवायचं का आपण? मग ठेकेदार आणंल पोरं बाहेरून. आणि सोमा पुन्हा वाळूजला, कंपनीत. पुन्हा त्या खोलीत सहा जण, पाळीपाळीनं झोपायचं. संस्कृती जन्मली तेव्हा तो कुठं होता? … मशीनवर. मी सांगितलं त्याला फोनवर, पोरगी झाली म्हणून. त्यानं पोरीचं तोंड बघितलं ते पाचव्या दिवशी.

आता रोज संध्याकाळी पोरगी त्याच्या खांद्यावर असती. तूच सांगतीस मला, टोपी घालून फिरती बापाची. ती टोपी त्या गेटाचीच आहे ना?

…

नवस मोडा असं मी म्हटलंय का? मी होते की तुझ्यासोबत. पोरगी काचेच्या पेटीत, मेघा वरच्या वॉर्डात, आणि आपण दोघी व्हरांड्यात. तू भिंतीकडं तोंड करून बोललीस म्हसोबाला. तुला वाटलं मला ऐकू येत नाय. सगळं ऐकलं मी. पोरगी वाचली, नवस फेडायचाच. कुणी नको म्हणतंय?

पण हे सगळं तू मला का सांगतीस? एका घरात राहता. त्याला सांग ना.

…

का नाय बोलत?

मेघाच्या हाती निरोप. … आणि डबा? डबा तूच करतीस ना त्याचा? … मेघा सांगत होती, भाकरीत तूप लावून देतीस आणि डबा कट्ट्यावर ठेवून आत निघून जातीस. हे काय चाललंय तुमचं?

नाय, आजचं नाय हे. आज टेम्पो अडवला. हे आधीचं आहे काहीतरी.

माय?

आहेस का?

सांग ना.

…

कधी? … मागच्या अमावस्येला. … हो, दर अमावस्येला जातीसच तू, तेल-नारळ घेऊन. … बरं. … गेटच्या खुर्चीवर तोच होता. … आणि मागं साहेब बसलेले. … आणि त्यानं…

काय विचारलं?

नाव?

तुला? तुझं नाव विचारलं?

आणि गाव. … आणि 'कशासाठी चाललात, मावशी?' … मावशी म्हणाला?

…

…

पूर्ण नाव म्हणाला. म्हणजे तात्यांचंही… व्हय गं. तू कुठं घेतीस. मतदानाला सुद्धा तू नुसतं कार्ड पुढं करतीस. त्या दवाखान्यात बाईनं विचारलं तेव्हा माझ्याकडं बघितलं होतंस, मीच सांगितलं. … हो. … चारचौघांत. साहेबासमोर. आणि विचारणारा कोण, तर पोटचा पोरगा.

मग काय सांगितलंस? … काहीच नाय.

नारळ तसाच घेऊन घरी आलीस.

आणि तेव्हापासून देवाला गेलीच नाय?

… मला फोन का नाय केलास त्या दिवशी?

बरं. रडू नको. गच्चीवर हाइस, शेजारी बघतात. … बघू दे, बरं, बघू दे.

थांब, माय. दुसरा फोन येतोय मधी. सोमाचाच आहे. … नाय, तुला कापत नाय. नुसतं धरून राहा. गच्चीवरून उतरू नको. धर हां.

हां, बोल.

बोल, सोमा, मायशीच बोलत होते. … धरून आहे ती. नाय, तिला ऐकू येत नाय हे.

काय खाल्लं बोकडानं?

सगळी? … उद्या साहेबांच्या हातनं लावायची होती ती रोपं? … एक पण नाय ठेवलं? … दोरी आखूड बांधायची ना. तुला एक बोकड बांधता येईना आणि तुला जंगल राखायला घेतलंय.

बरं, चिडू नको. … तात्या? … अजून टेम्पोतच. … तुझ्याकडं पाठ करून. … चहा ठेवलास त्यांच्याजवळ? … गार झाला. … दुसरा ठेव.

काय देतोस?

राजीनामा कशाचा? … मेघाशी बोललास? … नाय ना. मग माझ्याशीही बोलू नको ते. तुझ्या राजीनाम्यानं कुणाचा नवस फिटणार आहे?

नाय, आधी एक सांग मला. मायला नाव का विचारलंस?

…

विचारलंस ना?

… हो. … कुठल्या गेटवर? … वरच्या. तिथल्या पोरानं स्वतःच्या मामाला आत सोडलं. … कुऱ्हाडीसकट. … मग काढला त्याला. … आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेब तुझ्यामागं खुर्ची टाकून बसले. तू तुझ्या माणसाचं काय करतोस ते बघायला. आणि नेमकी माय आली.

अरे, मग विचारायचं तर विचारायचं. पण मावशी?

तोंडातनं गेलं. … दिवसभर सगळ्या बायांना मावशीच म्हणतोस. … आणि वर बघितलंस तिच्याकडं?

…

वर बघितलं असतं तर विचारता आलं नसतं. … बरं. … बरं, सोमा.

साहेब काय म्हणाले? … 'शाबास.' … आणि तुला ते शाबास अजून टोचतंय.

मग घरी येऊन बोलायचं होतंस तिच्याशी. … ती डबा ठेवून आत जाती. तू डबा उचलून बाहेर जातोस. लई छान. मेघा मधी निरोप्या. त्या पोरीची कीव येती मला.

आणि तुला माहिती आहे का, माय तेव्हापासून देवाला गेली नाय. … माहिती आहे? … कसं काय?

तेल कोण घालतं म्हणजे?

तू?

राऊंडला जाताना. … रोज? … आणि नारळ? … अमावस्येला. … दिवा नाय लावत. दिव्यालाही बंदी आहे ना, हो. … शेंदूर, तेल आणि नारळ. … कुणाच्या नावानं?

…

मग हे तिला का नाय सांगितलंस, गाढवा?

'कसं सांगणार' म्हणतो. जसं मला सांगितलंस तसं.

उद्या ड्युटी तुझीच? … दुसऱ्या कुणाला सांग ना. … साहेब येणार म्हणून कुणी बदलून घेत नाय. … थांब. म्हणजे झऱ्यावर जावळ निघालं असतं तर तू तिथं गेटवर? स्वतःच्या पोरीचं जावळ तू बघणारच नव्हतास?

आणि हे घरात कुणाला बोलला पण नाय.

…

सोमा, गेटच्या बाहेर काय आहे? … नाय रे, पाटी नाय विचारत. सावलीचं काही? … तो लिंब आहे अजून? आम्ही शाळेतनं येताना बसायचो तो? … तुझ्या खुर्चीवरून दिसतो? … समोरच. … आणि ती जागा कुणाची, जंगलाची का गावाची? … गावाची. पक्कं ना? … तिथं चूल? … तिथंही नको, पाचोळा आहे. बरं.

आपलं खळं? … रस्त्याच्या खाली आहे, मोकळं आहे. तिथं पेटवली तर कुणाची हरकत नाय ना? … जंगल लांब आहे तिथून. … पाण्याचा टँकर उभा ठेवू म्हणतोस, ठेव. लाकडं तिकडंच वळवा मग.

आणि शिजवलेला नैवेद्य घेऊन झऱ्यावर चालत गेलं तर? … आगपेटी नाय, काय नाय. नुसतं ताट आणि पोरगी. … चालतं. … दिवस मावळायच्या आत परत. … आणि गेटवर नावं सांगून. सगळ्यांची.

मायचंही.

पूर्ण.

… नाय, तू म्हणतोस ते बरोबरच आहे. तिला सोडलंस तर कडूबाईला कसं अडवशील. … बघते. धर तू. … धर म्हणते ना. तोवर बोकडाची दोरी आखूड कर.

माय?

माय, आहेस ना? … खाली गेली होतीस. … वाळवण गोळा करायला. बरं. बस आता. बसलीस? ऐक.

उद्या मी गेटच्या आत येणार नाय.

… येणार नाय म्हणजे नाय. गेटसमोर तो लिंब आहे ना, त्याच्याखाली चटई टाकून बसणार. … हो, मीच. हिरव्या साडीत.

जावळाला पदर कुणाचा लागतो? … मग आत्या बसंल तिथंच केस पडतील की नाय? मामाला म्हणावं, मांडी घालून माझ्यासमोर बस.

चुलत आत्या? कुणाला, कडूबाईच्या पोरीला बसवतीस? बसव. दिलेलं पातळ परत मागणारी बाई ती. उद्या तुझ्या नातीचे केस परत मागंल.

… हसलीस ना? ऐकू आलं मला.

नाय, धमकी नाय.

बरं, धमकीच आहे.

चूल खळ्यावर. बोकडही खळ्यावर. पंगत पण तिथंच, बाभळीच्या सावलीला. म्हसोबाचं ताट वाढायचं आणि आपण चालत झऱ्यावर जायचं, पोरीला घेऊन. तिला त्याच्या पायावर घालायचं आणि यायचं. … धूर? देवाला धूर कशाला पाहिजे? … अगं, नवस मी ऐकलाय. तू म्हणालीस, पोरीला तुझ्या पायावर घालीन, बोकड देईन, गावाला जेवू घालीन. घाल पायावर. दे बोकड. जेवू घाल. त्याला काय कमी पडतंय यात?

सोयरे काय म्हणतील? सोयरे मटण कसं झालंय ते म्हणतील.

तात्या ऐकत नायत म्हणतीस. … ते बघू नंतर.

आणि ऐक, माय. सोमनाथची उद्या ड्युटी आहे. दिवसभर. कुणी बदलून घेत नाय. … हो, तू म्हणतीस तिथं, झऱ्यावर निघालं असतं ना जावळ, तर त्याला दिसलंच नसतं. … तुला माहिती नव्हतं. कुणालाच नव्हतं. बोललाच नाय तो. मेघाला पण नाय.

लिंब त्याच्या खुर्चीसमोर आहे.

…

माय?

… हो. … हो, दिसंल त्याला. हात लांब केला तर लागंल एवढ्यावर.

…

आता राहिलं एकच. झऱ्यावर जायचं तर गेटवर नाव सांगावं लागंल. … सगळ्यांना. तुलाही. … माय, तुलाही. तुला तसंच सोडलं तर मागच्या साठ माणसांना काय विचारणार तो?

नाय सांगणार?

मग मी एकटी जाते नातीला घेऊन. नवस तू केलास, फेडते मी. देवाला सांगते, आजी खळ्यावर रुसून बसली. … मग सांग ना नाव. … मला कळतंय गं. मला कळतंय तुला काय लागलंय. त्यालाही कळतंय. तो तिकडं रोज…

नाय. ते मी नाय सांगत. त्याचं त्यालाच सांगू दे.

थांब, मी दोघांना एकात जोडते. … येतं मला. मावसबहिणींशी एकदम बोलायला शिकले, तुझ्या त्या भाच्या शिकवून गेल्या. … नाय, ठेवू नको. माय, ठेवशील तर उद्या मी गाडीतच बसणार नाय. आत्याच येणार नाय मग, बस केस वाढवत.

एक मिनिट.

हॅलो?

सोमा? … हां. माय? … माय, हूं कर. … हां.

जोडलं. आता दोघं पण आहात.

…

बोला.

…

बोकड ओरडतंय म्हणजे सोमा आहे. गच्चीवरचा पत्रा वाजतोय म्हणजे माय आहे. आता तोंडानं बोला कुणीतरी.

…

सोमा, म्हसोबाला रोज तेल कोण घालतं ते सांग. … मोठ्यानं. गेटवर ऐकायला कोण आहे, बोकडच ना? … आणि कुणाच्या नावानं? …

हां. तेच. 'मायच्या नावानं.' पुन्हा एकदा सांग, गाडी गेली मधनं.

…

माय, ऐकलंस?

…

…

नाक ओढू नको नुसतं. … बरं, ओढ.

सोमा, तू विचार आता. उद्या विचारायचंय तेच आज विचार. … सगळं, जसं विचारतोस तसंच. … फक्त वर बघून. … फोनवर कसं म्हणजे? तशी समोर उभी आहे समजून. … मावशी नाय.

हां. असं.

…

माय, तुला विचारलंय त्यानं.

…

…

थांब, सोमा. घाई करू नको तिला.

…

हां. मनकर्णाबाई. … पुढं.

…

पुढं, माय. पूर्ण.

…

…

घेतलंस.

'तात्यासाहेब.' घेतलंस ना माय. नुसतं सरळ. मी तुझ्या पोटची, पण तुझ्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. … 'मोकासे.' हो, ते राहिलंच होतं.

गाव पण सांगितलंस. … कशासाठी चाललात? … सांग. … 'नातीच्या जावळाचा नवस.' … झालं ना, सोमा? एवढंच लागतं ना? … लिही मग. … उद्या लिही, बरं.

सोमा, हा आवाज कसला?

तुझा फोन मोठ्या आवाजावर आहे?

पहिल्यापासून? … म्हणजे तात्यांनी… सगळं? … नाव पण?

…

काय करतायत?

माय, उतरले. टेम्पोतनं उतरले तात्या. … अगं, खरंच. सोमा सांगतोय. … चहाचा कप उचलला म्हणे. … गारच पितायत. … आता लाजू नको, चाळीस वर्षं झाली लग्नाला.

काय म्हणतायत ते? … 'लाकडं खळ्यावर न्यायची तर अंधार पडायच्या आत नेऊ.' एवढंच? … मायला काय म्हणाले? … 'आवाज चांगला आला' म्हणाले.

… माय, फोन टाकू नको हातातनं.

नाय, बोकड पण न्या. त्याला तिथं ठेवू नका, पाटी खाईल आता.

सोमा, किती माणसं येणार ते मायला विचार, मला काय विचारतोस. … माय, तू सांग. … पन्नास. … साठ म्हणाली होतीस मघाशी. … सोमा म्हणतोय, एवढी आत नाय सोडता येणार एका वेळी. … अगं, तो नाय म्हणत, नियम म्हणतोय. … पाच-पाच करून जा. … तू त्याच्याशी बोल ना, माय, माझ्या कानात कशाला ओरडतीस. … सोमा, तू पण तिच्याशी बोल.

हां. असं.

…

कडूबाईचं बोकड परत पाठवायचं का? … पाठव. … नाय, मला नाय विचारत. बरं.

…

अहो, ड्रम वाहतोय बघा. नळ बंद करा… हो, झालं. … बोलतायत. … मी नाय, ते दोघं बोलतायत.

माय, मी ठेवू का?

सोमा?

…

ऐकत नायत.

… भांडतायत, हो. तूप जास्त झालं म्हणतोय तो भाकरीला. … ती म्हणती, खाऊ नको मग.

कापू कसा? माझ्यावरून जोडलंय ना. मी कापला की त्यांचाही कापंल.

राहू द्या. ओट्यावर ठेवते तसाच.

अहो, चार्जर आणा तेवढा. … त्या कपाटावरचा. … हळू. आवाज करू नका.